१४५० साली अटलांटिकच्या दोन काठांवर काय चाललं होतं?

बोरूबहाद्दर

अमेरिका खंडातल्या जुन्या संस्कृतींबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक वेळा कोलंबसाच्या जहाजावर बसूनच सुरू होतं. १४९२, मग मेक्सिको जिंकणारा कोर्तेस, मग पेरू जिंकणारा पिसारो, खेळ खलास. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे त्याआधीचं सगळंच आपण 'आता हे हरणार' अशा नजरेनं वाचतो. म्हणून या धाग्यापुरती एक अट घालतो. साल १४५०. पुढचं कोणाला काही माहीत नाही. बघू काय दिसतं.

मेक्सिकोपासून सुरुवात करतो. तेश्कोको नावाच्या उथळ तलावातल्या बेटावर अझ्टेकांचं तेनोच्तित्लान वसलेलं आहे. परंपरेनं स्थापना १३२५ ची, म्हणजे शहर जेमतेम सव्वाशे वर्षांचं. १४२८ मध्ये तेश्कोको (तलावाकाठचं त्याच नावाचं शहर) आणि त्लाकोपान या शेजाऱ्यांशी युती करून त्यांनी आपल्या जुन्या धन्यांना, तेपानेकांना, पाडलं आणि तिथून यांचा दबदबा सुरू झाला. गादीवर मोक्तेसुमा पहिला (कोर्तेसला भेटला तो याचा पणतू). आदल्याच वर्षी, १४४९ मध्ये, तलाव चढून शहर बुडालंय. मोक्तेसुमानं तेश्कोकोच्या राजाला, नेसावाल्कोयोत्लला, गाऱ्हाणं घातलं. हा गृहस्थ कवी म्हणूनही नावाजलेला. त्यानं तलावाच्या आरपार, खुंटे ठोकून आणि दगडमातीचा भराव घालून जवळजवळ १६ किलोमीटरचा बांध घालून घेतला. पूर अडवणं हे त्याचं अर्धंच काम. तलावाचं पूर्वेकडचं पाणी खारं आणि दक्षिणेला सोचिमिल्को-चाल्कोकडून येणारं झऱ्यांचं पाणी गोडं, ते या बांधानं वेगळं झालं. गोड्या बाजूला चिनाम्पा करता आल्या. उथळ पाण्यात चिखल आणि पाणवनस्पतींचे थर रचून केलेले हे लांबट वाफे. माती धरून ठेवायला कडेनं वाळुंजाच्या जातीची झाडं, दोन वाफ्यांमधून होडी जाईल एवढा कालवा. याला सगळीकडे 'तरंगती शेती' म्हणतात, पण ती तरंगत नाही, तळाला टेकलेली असते. शहरातला मैला होड्यांतून गोळा व्हायचा आणि खत म्हणून वापरला जायचा.

हे वाचून हुरळून जायच्या आत पुढचं. १४५० पासूनच धुकं, हिमकडाका आणि अवर्षण यांनी पिकं जायला लागली. १४५४ पर्यंत, म्हणजे त्यांच्या पंचांगातल्या 'एक ससा' या वर्षापर्यंत, कोठारं रिकामी झाली. लोकांनी किनाऱ्याकडच्या तोतोनाकांना स्वतःची पोरं मक्याच्या बदल्यात विकली. मुलीला किमान ४०० कणसं आणि मुलाला ५००, असा दर राजानं ठरवून दिल्याचं नंतरच्या वृत्तांतांत आहे.

तिकडे दक्षिणेला, पेरूतल्या कुस्कोमध्ये इंकांचा पाचाकुती राज्य करतोय. परंपरेनुसार १४३८ मध्ये गादीवर आला. माचू पिचूचं काम याच काळातलं. पण १४५० मध्ये पेरूतलं मोठं शहर कुस्को नव्हे, किनाऱ्यावरचं चिमू लोकांचं चान चान होतं. सगळं कच्च्या विटांचं, सुमारे २० चौरस किलोमीटर पसरलेलं. इंकांनी ते घेतलं १४७० च्या सुमारास. युकातानमध्ये मायांचं मायापान नुकतंच आपसांतल्या भांडणात जळून ओस पडलंय किंवा पडायच्या बेतात आहे.

आता युरोप. १३४७ च्या प्लेगनं एक तृतीयांश ते निम्मी माणसं नेली आणि त्याची लाट दर पिढीला परत येते. इंग्लंडची लोकसंख्या शंभर वर्षांनंतरही जवळपास निम्म्यावरच आहे. फ्रान्स-इंग्लंड युद्ध शेवटच्या टप्प्यात. कॉन्स्टँटिनोपल, जे कधीकाळी चार-पाच लाखांचं होतं, ते पन्नासेक हजारांवर आलंय आणि तीन वर्षांत पडणार आहे (हे ठाऊक नाही असं धरायचंय, पण तिथल्या रहिवाशांना बहुधा ठाऊक होतं). फ्लॉरेन्सचा घुमट १४३६ मध्ये पुरा झालाय. माइन्झमध्ये गुटेनबर्ग कर्ज काढून छपाईचे खिळे ओततोय. पोर्तुगीज १४३४ मध्ये बोहादोर भूशिराच्या पुढे गेले आणि १४४४ मध्ये पोर्तुगालमधल्याच लागोस बंदरात आफ्रिकेतली माणसं उतरवून विकली.

माझं म्हणणं एवढंच की १४५० मध्ये उभं राहून 'पुढारलेले' आणि 'मागासलेले' अशी रेघ मारता येत नाही. तुम्ही कुठे मारली असती?

गावठी_इतिहासकार

लेख छान, पण अट सोयीची आहे. रेघ मारता येते. लोखंड कुठे होतं? चाक कुठे होतं? तोफा? समुद्रावर महिनोन्‌महिने टिकणारी जहाजं? पुढारलेलं-मागासलेलं हे शब्द बोचत असतील तर सोडून द्या, पण युरोपकडे या चारही गोष्टी १४५० मध्येच होत्या, १४९२ मध्ये आकाशातून पडल्या नाहीत. हरलेल्यांचं कौतुक करायची हल्ली फॅशन आहे. बांध घातला, छान. त्याच शहरात देवळाच्या पायऱ्यांवर माणसांची काळजं काढत होते, ते एका ओळीतही नाही.

शेवंता

मस्त धागा, वाचतेय. चाकाबद्दल एक सांगते. व्हेराक्रूझ भागात चाकांवर चालणारी मातीची खेळणी सापडली आहेत, कुत्री आणि काय काय. म्हणजे चाक सुचलं नव्हतं असं नाही. पण गाडा ओढायला जनावर कोणतं? बैल नाही, घोडा नाही, गाढव नाही. मेक्सिकोत पाळीव म्हणावं तर कुत्रा आणि टर्की. अँडीजमध्ये लामा होता, तो साधारण ३० किलोच्या वर ओझं घेत नाही, आणि जास्त लादलं तर खाली बसतो आणि थुंकतो. त्यात तिथले रस्ते म्हणजे डोंगरात कोरलेल्या पायऱ्या. पायऱ्यांवर चाक घेऊन काय करायचं?

बोरूबहाद्दर

@शेवंता, नेमकं. आणि इंकांच्या रस्त्यांचं जाळं ३०,००० किलोमीटरच्या वर होतं, गवताचे दोर वळून केलेले झुलते पूल त्यात धरून. अपुरिमाकवरचा केस्वाचाका पूल आजही दरवर्षी चार गावांचे लोक मिळून नव्यानं विणतात.

@गावठी, काळजं काढण्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत मोठ्या देवळाजवळ कवट्यांची रचना सापडली, तिच्यात आतापर्यंत सहाशेच्या वर कवट्या मोजल्यात, बायका आणि मुलंही त्यात आहेत. स्पॅनिश लोकांनी आकडे फुगवले हे खरं, पण प्रकारच बनावट होता असं म्हणायला आता जागा नाही. लोखंडाबद्दल मात्र एक. धातू त्यांना अगदीच परका नव्हता. अँडीजमध्ये कांसं होतं. पश्चिम मेक्सिकोतले पुरेपेचा तांब्या-कांशाची हत्यारं करत आणि अझ्टेकांना त्यांनी कधी जिंकू दिलं नाही. १४७० च्या दशकात तर सपाटून मार दिला.

गावठी_इतिहासकार

मग झालंच की. धातूवाले जिंकले.

उत्तररात्र

=)) गावठींनी दोन वाक्यांत विकेट काढली.

पण गंभीरपणे, बळी हा विषय निघालाच आहे तर युरोपातही १४१५ मध्ये यान हुस आणि १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला लोक जमवून, धर्माच्या नावानं जिवंत जाळलं. प्रेक्षक दोन्हीकडे होते.

गावठी_इतिहासकार

ही ओढूनताणून केलेली बरोबरी आहे. एकीकडे न्यायालयाचा (वाईट, पक्षपाती, मान्य) निवाडा, दुसरीकडे सूर्य उगवावा म्हणून नियमित पुरवठा. दोन्ही क्रूर आहेत हे कबूल, पण एकच नाहीत. अझ्टेकांच्या शेजाऱ्यांनाही ते एक वाटत नव्हतं. त्लाश्काला हे राज्य अझ्टेकांनी चहूबाजूंनी कोंडून ठेवलं होतं, मीठ आणि कापूससुद्धा मिळू देत नव्हते. १५१९ मध्ये त्यांनी कोर्तेसला साथ दिली ती उगाच नाही. तेनोच्तित्लानच्या वेढ्यात स्पॅनिश काही शेकडा होते आणि त्यांच्या बाजूचे स्थानिक हजारोंनी.

बोरूबहाद्दर

हे पटलं. उलट माझ्याच मुद्द्याला तुम्ही धार लावलीत. 'युरोपनं मेक्सिको जिंकला' यापेक्षा 'मेक्सिकोतल्या एका गटानं परक्यांना हाताशी धरून दुसऱ्या गटाला पाडलं' हे १५२१ चं जास्त खरं वर्णन आहे. बिल त्यांना नंतर आलं.

मिसिसिपीकाठी

सेंट लुईसजवळ राहते, त्यामुळे मेक्सिको-पेरूच्या गर्दीत माझ्या शेजारणीची बाजू मांडते. तिचं नाव कहोकिया. इथल्या बहुतेक भारतीय मंडळींना (अमेरिकनांनासुद्धा) ती माहीत नसते. महामार्गावरून जाताना डावीकडे एक गवताळ टेकडी दिसते आणि माणूस पुढे निघून जातो. ती टेकडी नाही. माणसांनी टोपल्यांतून माती वाहून रचलेला, सुमारे ३० मीटर उंचीचा टप्प्याटप्प्यांचा चौथरा आहे. वर चढलं की हवा स्वच्छ असेल तर सेंट लुईसची कमान दिसते.

इ.स. १०५० च्या आसपास इथे अचानक शहर उभं राहिलं. १०-२० हजार वस्ती असावी असा अंदाज, म्हणजे त्या काळच्या लंडनच्या तोडीची. शंभरावर मातीचे उंचवटे, मधोमध सपाट केलेलं मोठं पटांगण, लाकडी खांबांची वर्तुळं. मका हा पाया. एका उंचवट्याखाली शंखाच्या सुमारे २०,००० मण्यांच्या आस्तरावर पुरलेला माणूस सापडला आणि त्याच उंचवट्यात एका खड्ड्यात ५० च्या वर तरुण मुली ओळीनं ठेवलेल्या. तेव्हा गावठींचा मुद्दा उत्तर अमेरिकेतही लागू होतो.

पण धाग्याची अट १४५० ची आहे आणि तिथेच गंमत आहे. १३५० पर्यंत कहोकिया रिकामं झालं होतं. कोणी जिंकलं नाही, युरोपीय तर दूरच. पूर, अवर्षण, आतली भांडणं, कारणांवर अजून वाद आहेत. म्हणजे १४५० मध्ये इथे फक्त गवत होतं. सेंट लुईस शहरातही असे कितीतरी उंचवटे होते. एकोणिसाव्या शतकात ते भरावाची माती म्हणून खणून नेले. सगळ्यात मोठा १८६९ मध्ये साफ झाला. तिथे आता रस्ता आहे.

शेवंता

मिसिसिपीकाठी, हे काहीच माहीत नव्हतं. वेगळा धागा काढ ना, फोटोंसकट.

मका निघालाच आहे म्हणून. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिन्ते. त्याच्या कणसाला मोजके दहा-बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचातले. दक्षिण मेक्सिकोच्या बाल्सास खोऱ्यात साधारण ९,००० वर्षांपूर्वीपासून निवड करत करत त्याचं आजचं कणीस केलं. माझ्या मते चाक-लोखंडाच्या यादीत हे बसत नाही म्हणून मोजलं जात नाही. दुसरं म्हणजे मका चुन्याच्या निवळीत शिजवून, धुवून मग वाटायचा. त्यामुळे त्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) अंगाला लागतं. युरोपनं मका नेला, ही कृती नेली नाही. मग स्पेन आणि उत्तर इटलीत निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊन तो झाला नव्हता. (पेलाग्रा आपल्याकडे दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतही दिसायचा. हैदराबादच्या पोषण संस्थेत गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलंय.)

अँडीजमधलं चुन्यो तर भारीच. बटाटे रात्री गोठू द्यायचे, दिवसा उन्हात पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. इंकांची कोठारं यानंच भरलेली असायची.

दीपमाळ

उपवासाची साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, मिरची... सगळंच तिकडचं! आजी काय खात होती देव जाणे.

पण मला एक वेगळंच विचारायचंय. आपला संपर्क नव्हता हे नक्की कशावरून? म्हैसूरच्या सहलीत सोमनाथपूरच्या देवळातल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस स्पष्ट दिसलं. गाइडनंही तेच सांगितलं. देऊळ तेराव्या शतकातलं. शिवाय माया लोक म्हणजे मयासुराचे वंशज, असंही वाचलंय.

उत्तररात्र

मयासुर आला!! धागा शंभरी गाठणार.

बोरूबहाद्दर

थट्टा नको, प्रश्न रास्त आहे, आणि यावर रीतसर वाद झालाय. कार्ल जोहानेसन यांनी १९८९ मध्ये होयसळ मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत असा प्रबंध लिहिला. सोमनाथपूरचं केशव मंदिर तेराव्या शतकातलं, हे खरं. १९९३ मध्ये पयक आणि सचन या भारतीय संशोधकांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की ही कणसं नव्हेत. शिल्पशास्त्राच्या अंगानं मोत्यांनी मढवलेलं कल्पित फळ, मुक्ताफळ, असा अर्थ लावता येतो. मला ते दुसरं पटतं, कारण साधं आहे. मका पेरला की तो लपत नाही. जळके दाणे, परागकण, खोडं, काहीतरी मागे राहतंच, आणि तो इतका पिकतो की पन्नास वर्षांत बाजार भरून टाकतो. १५०० च्या आधीच्या भारतीय उत्खननांतून निर्विवाद मका आलेला नाही. फक्त देवाच्या हातात आहे, शेतात नाही, हे कसं?

मयासुराबद्दल : माया लोकांची भाषा, लिपी, अंक सगळं तिथंच पायरी पायरीनं घडलेलं दिसतं. लिपी १९५२ पासून, युरी क्नोरोझोव्हच्या कामानंतर, हळूहळू वाचता यायला लागली आणि शिलालेखांत निघाल्या त्या राजांच्या जन्मतारखा, लढाया आणि लग्नं. असुर कुठे नाही.

आडवाटेचा_प्रवासी

खऱ्या संपर्काबद्दल कोणी बोलतच नाहीये. दोन पुरावे पक्के आहेत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधलं लान्स ओ मेडोज, नॉर्स (व्हायकिंग) लोकांची वस्ती, १९६० मध्ये इंगस्टाड दांपत्याला सापडलं. ९९३ मध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे जगभरच्या झाडांच्या वर्षवलयांत एक खूण उमटली आहे. तिथपासून वलयं मोजत गेल्यावर तिथलं लाकूड १०२१ मध्ये लोखंडी हत्यारानं तोडलेलं निघालं, अगदी वर्षासकट. म्हणजे कोलंबसाच्या आधी ४७१ वर्षं.

आणि गावठींसाठी खास : या नॉर्स लोकांकडे लोखंड होतं, जहाजं होती. तरीही टिकले नाहीत. त्यांच्या सागांमध्ये (जुन्या कथांमध्ये) स्वच्छ लिहिलंय की तिथल्या लोकांशी भांडण झालं आणि हे परत फिरले. ग्रीनलंडमधली त्यांची वसाहतही संपली. शेवटची लेखी नोंद १४०८ मधल्या ह्वाल्सेच्या चर्चमधल्या एका लग्नाची आहे.

दुसरा पुरावा पॅसिफिकचा. २०२० मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासात पॉलिनेशियन बेटांवरच्या लोकांत दक्षिण अमेरिकन मूळवासींचा अंश सापडला, काळ साधारण इ.स. १२००. रताळं तिकडे आधीपासून होतंच.

गावठी_इतिहासकार

नॉर्स मूठभर होते, मागे राज्य नव्हतं, तोफा नव्हत्या. पण ठीक आहे, लोखंड पुरेसं नाही, मान्य. मग माझा प्रश्न उलटा. १४५० मध्ये रेघ मारता येत नाही म्हणता, तर ८० वर्षांत सगळं का कोसळलं? योगायोग?

आणि लिखाणाचं काय? इंकांकडे लिपीच नव्हती.

बोरूबहाद्दर

लिखाणाचं आधी. इंकांकडे किपू होते, दोऱ्यांच्या गाठी. त्यातली आकडेवारी दशमान पद्धतीची आहे हे लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवलं. गाठीची जागा म्हणजे एकक, दशक, शतक. हिशेब, जनगणना, कोठारातला साठा यात होता. मायांकडे पूर्ण लिपी होती, शून्य होतं, शुक्राची ५८४ दिवसांची कोष्टकं होती. पण पुस्तकं एकेक हातानं लिहिलेली, झाडाच्या सालीच्या कागदावर. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनं ती जाळली आणि आज जगात चार उरली आहेत. इथे मात्र १४५० हे साल युरोपच्या बाजूनं जातं. छापलेलं पुस्तक जाळून संपत नाही. मी रेघ मारायचीच म्हटली तर जहाजांपाशी नाही, माइन्झपाशी मारेन.

आडवाटेचा_प्रवासी

'का कोसळलं' याचं उत्तर १४५० मध्येच मिळतं, पण मेक्सिकोत नाही, कॅनरी बेटांवर. धाग्यात हे कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो.

आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची ही बेटं. तिथले मूळ रहिवासी उत्तर आफ्रिकेतून फार पूर्वी गेलेले, मग तुटलेले. धातू नाही, बोटींचा सराव नाही. शेळ्या पाळायचे, जव पिकवायचे. १४०२ पासून युरोपीय तिथे उतरायला लागले. १४५० मध्ये काही बेटं पडली होती, ग्रान कनारिया, ला पाल्मा आणि तेनेरिफे ही तीन अजून स्वतंत्र होती. म्हणजे घोडे, पोलाद, धर्मगुरू, गुलामांचा बाजार, स्थानिक टोळ्यांपैकी एकीला हाताशी धरणं, उसाचे मळे, हे सगळं तिथे नव्वद वर्षं घोटवलं गेलं. ग्रान कनारिया १४८३ मध्ये गेलं. १४९२ मध्ये कोलंबस ला गोमेरावर पाणी-लाकूड भरायला थांबला, तेव्हा शेजारचं तेनेरिफे अजून जिंकायचं होतं.

तेनेरिफेची हकिगत गावठींनी मुद्दाम वाचावी. १४९४ च्या मेमध्ये फर्नांदेस दे लुगो हा स्पॅनिश सरदार सैन्य घेऊन उतरला. आसेन्तेहोच्या घळीत ग्वांचेंनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, वरून दगड आणि लाकडी भाल्यांनी त्याचं बहुतेक सैन्य कापून काढलं, तो स्वतः जेमतेम निसटला. पोलाद-बंदुका असूनही. मग त्या हिवाळ्यात बेटावर साथ आली, ग्वांचे भराभर मेले. लुगो जादा माणसं घेऊन परत आला आणि १४९६ पर्यंत बेट संपलं. मधल्या काळात दक्षिणेकडचे ग्वांचे सरदार त्याच्या बाजूनं होते.

आता १५२० बघा. ३० जूनच्या रात्री कोर्तेसचं सैन्य तेनोच्तित्लानमधून पळताना कापलं गेलं. त्या शरद ऋतूत देवी आल्या, नवा राजा क्विट्लावाक ८० दिवसांत गेला. त्लाश्कालाचे लोक कोर्तेसच्या बाजूनं. तो परतला आणि १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं.

गावठी_इतिहासकार

हे माहीत नव्हतं. ग्वांचेंवर मराठीत किंवा इंग्रजीत वाचण्यासारखं काय आहे, विपु (विचारपूस) करा.